मेंटेनन्स क्रेडिट कार्डने भरण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार,

या तिमाहीचं मेंटेनन्स कार्डने भरून पॉइंट मिळवावेत, असं काही जणांच्या मनात आहे. भरा, पण आधी हिशेब करा. मी स्वतः मागच्या वेळी ९,००० रुपये ॲपवरून कार्डने भरले. सुविधा शुल्क १.८ टक्के, म्हणजे १६२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण १९१ रुपये १६ पैसे जास्त गेले. पॉइंट मिळाले १८०, एकाची किंमत २५ पैसे. म्हणजे ४५ रुपयांसाठी १९१ रुपये!

काही कार्डांवर घरभाडं, मेंटेनन्स अशा खर्चांना पॉइंटच मिळत नाहीत, तेव्हा आपल्या बँकेच्या नियमांत बघून घ्या. वार्षिक फी माफ होण्यासाठी थोडाच खर्च बाकी असेल, तर मात्र कार्ड परवडू शकतं. पण पूर्ण बिल मुदतीत फेडता येणार असेल तरच. नाहीतर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, आणि मग पॉइंटचं काय घेऊन बसायचं?

बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला शुल्क नाही. सोसायटीचा खाते क्रमांक बिलावर खाली छापलेला आहे. ज्येष्ठ सभासदांना अडचण आली तर रविवारी सकाळी ऑफिसात या, मी भरून देईन.

– खजिनदार