कुर्ल्याच्या चाचा, तुमचे आभार राहिलेत

चाचा, सलाम.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत बसत नाही हे मला माहितीये, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय की हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखव. तुमच्याकडे येऊन तोंडावर पण बोलता आलं असतं, पण तुम्ही "अरे छोड बेटा" म्हणून उडवून लावलं असतं आणि दुसरं म्हणजे आम्हाला ज्यांनी भलतंसलतं सांगितलं ते चारचौघांत मोठ्या रुबाबात सांगत होते, मग तुम्ही जे केलंत ते पण चारचौघांतच सांगायला पाहिजे.

जे आमच्या ओळखीचे नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा भांडुपला मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. पप्पा गेल्यापासून मी बघते, लहान भाऊ हाताशी असतो. पप्पांची पिकअप आता माझ्या नावावर आहे, अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, धंद्याचा अर्धा जीव त्या गाडीत. लग्नाच्या सीझनमध्ये लोणावळा-खंडाळ्याकडच्या बंगल्यांच्या ऑर्डरी खूप येतात, आणि लोखंडी पाइप, ट्रस, गालिचे, खुर्च्या भरून गाडी खोपोलीच्या पुढे घाटाला लागली की संपलं. खेचायचीच नाही. दुसऱ्या गिअरवर, मागे काळ्या धुराचा लोट, मागचे हॉर्न मारतायत, आणि आमचा ड्रायव्हर शिंगरोबाच्या देवळापाशी हात जोडून म्हणायचा आज वर पोचव बाबा. रिकामी असली की तीच गाडी एकदम नीट. मंडप वेळेत उभा राहिला नाही तर लग्नघरात काय होतं ते वेगळं सांगायला नको, हळदीला आलेली माणसं उन्हात उभी आणि मी फोनवर "घाटात आहे, येतेच" हे सांगतेय.

मग सुरू झालं सगळं. एका चकाचक वर्कशॉपमध्ये गेलो, त्यांनी स्कॅनर लावला, एरर काही आला नाही, तर बॉनेट नीट उघडून न बघताच सांगून टाकलं की या इंजिनात मुळातच दम नाही, तुम्हाला घाटात लोड न्यायचाय ना, मग सुपरचार्जर टाकून घ्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं वेगळं मशीन. बाहेरून मागवू, ब्रॅकेट इथे बनवू, पुली बसवू, ट्यूनिंग करू. जी रक्कम सांगितली ती आमच्या गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होती आणि त्यातली अर्धी आधी द्यायची. दुसऱ्या एकाने तर ऑनलाइन मिळणारा "इलेक्ट्रिक सुपरचार्जर" दाखवला, म्हणजे हवेच्या पाइपात बसवायचा बारा व्होल्टचा छोटा पंखा. भाऊ तर आधीपासूनच त्या नादात, रात्र रात्र अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघणारा, त्याला वाटलं आपली गाडी पण तशी होईल. त्याचं मी समजू शकते, तो पोरगा आहे, त्याला गाड्या आवडतात. पण जे लोक या कामाचे पैसे घेतात त्यांनी असं सांगावं याचा मला आजपण राग येतो. सगळीकडे एकच, मी समोर उभी, गाडी माझी, पैसे मी देणार, आणि बोलणं सगळं भावाशी नाहीतर ड्रायव्हरशी. मी काही विचारलं की "मॅडम ते टेक्निकल आहे." बास, एवढंच उत्तर.

तुमच्याकडे आम्ही कशाला आलो होतो, तर फक्त विचारायला, की चाचा हा सुपरचार्जर घेणं परवडेल का. एका मंडपवाल्या मित्राने तुमचा पत्ता दिला होता. तुम्ही पहिलं काय विचारलंत, "गाडी कुणाची?" भाऊ म्हणाला ताईची. मग तुम्ही स्टूल माझ्याकडे वळवून विचारायला लागलात. माल किती भरता, कुठल्या चढाला मरते, धूर कधी येतो, रिकामी असताना येतो का, शिट्टीसारखा आवाज येतो का, आधी खेचायची का आणि मग बंद झाली की पहिल्यापासूनच अशी. हे शेवटचं तोपर्यंत एकानेही विचारलं नव्हतं चाचा. आणि त्याच प्रश्नात तर सगळं उत्तर होतं, कारण पप्पा हीच गाडी एवढाच माल घेऊन त्याच घाटातून न्यायचे की.

पुढचं काय केलंत ते मला नीट सांगता येणार नाही, कंप्रेसरची हवा भरलीत, कुठे काय बंद केलंत, ते तुमचं काम. पण एक गोष्ट मी विसरूच शकत नाही आणि खरंतर हे सगळं पत्र त्या एका गोष्टीसाठी आहे. तुम्ही खाली वाकून बघितलंत, गप्प झालात, आणि मग भावाला नाही, ड्रायव्हरला नाही, मला हाक मारलीत, "बेटा इकडे ये, इथे हात घाल." मी जरा थांबले, ऑर्डरच्या मीटिंगला जायचं म्हणून चांगला ड्रेस घातला होता आणि तिथला रबरी पाइप तेलाने काळा झालेला. तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही खांद्यावरचं फडकं काढलंत आणि तो पाइप पुसलात, वरून नाही, खालून, वळणापासून क्लिपेपर्यंत, जिथे जिथे माझा हात लागणार होता तिथे सगळीकडे, अगदी सावकाश, घाई नाही काही नाही, आणि मग म्हणालात "आता धर." मी हात धरला आणि तळव्याला हवा लागली. फुस्स करून, चांगली जोरात. तुम्ही विचारलंत, "लागते?" मी म्हटलं हो. "हीच तुझी घाटातली ताकद."

चाचा, मला तिथेच रडू आलं असतं. त्या सगळ्या मोठ्या दुकानांत कुणालाही मला काही दाखवावंसं वाटलं नव्हतं, फक्त विकावंसं वाटलं होतं. तुम्ही मला सांगितलं पण नाहीत, तुम्ही माझ्या हाताला कळू दिलंत, आणि हात काळा होऊ नये म्हणून आधी पाइप पुसलात. इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणारा तो पाइप, खालच्या अंगाला क्लिपेजवळ चिरलेला. गाडी रिकामी असली की चीर मिटून राहायची, लोड आला, प्रेशर वाढलं की उघडायची. इंजिनला हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. स्कॅनरला सापडला नाही पण तुमच्या फडक्याला सापडला, कारण तेल तिथूनच उडत होतं.

आणि भाऊ तरी हट्टाने म्हणाला की चाचा पाइप बदला पण सुपरचार्जरचं काय, अमेरिकेत तर सगळे टाकतात. तुम्ही त्याला झटकलं नाहीत. चहा मागवलात आणि समजावलंत, आणि तेव्हा आम्हाला कळलं की तुम्ही ही मशीनं आमच्या जन्माच्या आधी हाताळलीयत. कुवेतला असताना डेट्रॉइटच्या जुन्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर काम केलेलं तुम्ही, ज्यांना ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरसारखंच हवा आत ढकलणारं मशीन, लागतोच, कारण त्या इंजिनाला स्वतःची हवा ओढताच येत नाही. मी नंतर घरी वाचत बसले, ती इंजिनं १९३८ पासूनची, आणि त्यांचेच ब्लोअर काढून अमेरिकेत रेसवाल्यांनी पेट्रोल गाड्यांवर चढवले, तिथून ही सगळी हौस वाढली. तसल्या ब्लोअरचं मूळ तर त्याहून जुनं, रूट्स नावाच्या दोन भावांचं १८६० चं पेटंट, गाडीसाठी नाहीच, नुसतं हवा फुंकायचं मशीन म्हणून.

तुम्ही भावाला जे सांगितलंत ते मी इथे लिहिते कारण त्याच्यासारखी खूप पोरं असतील. अमेरिकेतल्या ज्या पिकअपला लोक हे लावतात ती बहुतेक पाच-सहा लिटरची व्ही-एट पेट्रोल इंजिनं, टर्बो नसलेली, म्हणजे हवा जेवढी आपोआप आत जाईल तेवढीच. तिथे सुपरचार्जरला करायला काम आहे. टोयोटाने स्वतःच टंड्रा पिकअपच्या ५.७ लिटर इंजिनासाठी असा किट विकला होता, ३८१ हॉर्सपॉवरचं ५०४ व्हायचं. पण ते त्या इंजिनासाठी मोजूनमापून बनवलेलं, सोबत ट्यूनिंग, थंड करायची सोय, भारीतलं पेट्रोल, सगळं आलं. तिथेसुद्धा ज्याला रोज जड ट्रेलर ओढायचाय त्याने आधी गिअरबॉक्स, ब्रेक आणि कूलिंगचा विचार करावा असं तुम्ही म्हणालात. मग आपल्या गाडीकडे बोट दाखवलंत. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, इंजिनची ताकद आधी स्वतः खातो आणि मग देतो. टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो. काम दोघांचं एकच, हवा दाबायची. "हवा दाबायचं मशीन तुझ्या गाडीत कंपनीनेच बसवलंय. ते बिचारं दाबतंय, हवा वाटेत पळतेय. त्याच्यावर दुसरं मशीन ठेवून काय करणार, अजून जोरात पळेल." हे वाक्य भावाने आता वहीत लिहून ठेवलंय, खरंच.

डिझेलचं पण तेव्हाच कळलं, की नुसती हवा वाढवून ताकद येत नाही, त्या मापात डिझेल वाढवावं लागतं, आणि ते वाढवलं की उष्णता वाढते, क्लच, पिस्टन, सगळ्यावर ताण येतो. आणि तो बारा व्होल्टचा पंखा? एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, खरा सुपरचार्जर मोठ्या इंजिनवर कित्येक हॉर्सपॉवर खातो, तो टीचभर पंखा कुठून आणणार एवढी ताकद. हे साधं गणित विकणाऱ्याला येत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

आणि आरसी. तुम्ही म्हणालात आरसी बघ, ही धंद्याची गाडी आहे, पासिंगला उभी करावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. उद्या घाटात काही झालं आणि इन्शुरन्सवाल्याने बॉनेट उघडलं तर? लाखो रुपये मागणाऱ्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. माझ्या नावावरची गाडी, माझ्या चार माणसांचा जीव त्या केबिनमध्ये आणि मागे, आणि यांनी मला हे सांगायची पण तसदी घेतली नाही.

तुम्ही पैसे घेतलेत ते पाइपचे, क्लिपांचे आणि पोराच्या मजुरीचे. मी जास्त ठेवले तर परत हातात दिलेत आणि म्हणालात की तपासायचे पैसे नसतात, सांगितलं तर काय झालं. चाचा, तुम्हाला चार लाखांचं काम समोर चालून आलं होतं. आम्ही तयारच होतो. तुम्ही नुसतं हो म्हणाला असतात तरी तुमच्या ओळखीचे फॅब्रिकेटर कुर्ल्यात पावलापावलावर आहेत. तुमचे वडील कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात फियाट जोडायचे, ते सांगायचे म्हणे की गिऱ्हाइकाला गाडी कळली पाहिजे, मिस्त्री नाही. या शहरात अशी माणसं आहेत, पत्र्याच्या गाळ्यात बसलेली, पाटी नाही, एसी वेटिंग रूम नाही, आणि त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांचे धंदे चालतात. आमच्या धंद्यात पण मी बघते, रात्री दोनला तुटलेला बोल्ट देणारा हार्डवेअरवाला, जनरेटर बंद पडला तर स्वतःच्या घरचा जेवणाचा डबा सोडून येणारा इलेक्ट्रिशियन. यांचे फोटो कुठे लागत नाहीत.

गाडी तर एकदम मस्त चाललीय. खंडाळ्याच्या ऑर्डरला पूर्ण लोड घेऊन गेलो, मी मुद्दाम केबिनमध्ये बसले होते, ड्रायव्हरने तिसरा गिअर टाकला आणि धरून ठेवला, धूर नाही. त्याने शिंगरोबाला नाणं टाकलं ते नेहमीसारखंच, पण या वेळी गाडी थांबवून, हसत.

आता माझं एक ऐका. तुमच्या गाळ्यावरचं प्लास्टिक फाटलंय, मी त्या दिवशीच बघितलं होतं, पावसाळ्यात तुम्ही आणि ती पोरं भिजत काम करणार. हे काम मला येतं. आमच्या गोडाऊनमध्ये जाड ताडपत्री आहे, चांगली, आयलेटवाली. रविवारी आमची पोरं ती आणि बांबू घेऊन येतायत, उतार काढून पक्की बांधून देतील, पाणी रस्त्याच्या बाजूला पडेल असं. पैशाचं काही बोलायचं नाही. आणि चहा तेवढा सांगून ठेवा, चौघं आहेत.

तुमची,
भांडुपची मंडपवाली