त्याला विष नसतं, मारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हॉट्सॲपवर काळ्या, लांब शेपटीच्या 'विंचवा'चा व्हिडिओ फिरतोय, डसला की माणूस खलास म्हणे. अहो, तो व्हिप स्कॉर्पियन आहे, म्हणजे विंचवासारखा दिसणारा पण खरा विंचू नसलेला जीव, आमच्याकडे वेस्ट टेक्सासात पावसानंतर रात्री अंगणात दिसतो आणि त्याला विषच नसतं! शेपटीला नांगी नाही, पण बुडाशी ग्रंथी असतात, डिवचलं की फवारा मारतो, त्यात साधारण 84 टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच पण कितीतरी स्ट्राँग, डोळ्यात गेलं तर जाम झोंबतं, लगेच पाण्याने धुवायचं. नजर अधू, त्यामुळे पुढचे दोन बारीक लांब पाय जमिनीला टेकवत चाचपत चालतो, बघतच राहावं असं. झुरळं, नाकतोडे फस्त करतो. आणि मादी तर बिळात अंड्यांची पिशवी पोटाखाली धरून कित्येक आठवडे उपाशी बसते, मग पांढरी पिल्लं पाठीवर घेते. मोठं व्हायलाच त्याला 3-4 वर्षं लागतात हो, आणि आपण एका चपलेत संपवतो. असले व्हिडिओ प्लीज पुढे पाठवू नका, घरात आलाच तर सुपलीत घेऊन बाहेर सोडा.

– एक वाचक, टेक्सास