मृगाच्या आत होडीचं इंजिन सुरू व्हायला हवं : ग्रामस्थ मंडळाचं आवाहन

स. न. वि. वि.

गावकरी, चाकरमानी आणि माहेरवाशिणी,

गणपतीच्या वर्गणीचं पत्र गेलं की आठवड्यात उत्तरं येतात. पुराच्या सामानासाठी गेल्या वर्षी असंच पत्र पाठवलं, त्याला 19 उत्तरं आली. यादीत 211 घरं आहेत. एवढं लिहून पुढे जातो.

आधी ज्यांनी दिलं त्यांच्याविषयी. 2021 च्या पुरानंतर भायखळ्याच्या आपल्या काकांनी फायबरची होडी दिली, ट्रकचं भाडंसुद्धा स्वतः भरलं आणि फलकावर नाव लावू दिलं नाही. रबरी होडी घेऊ नका, हा हट्टही त्यांचाच. पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या काटेरी तारा आणि उडालेले पत्रे असतात, रबर एका ओरखड्यात फाटतं. ही सपाट तळाची होडी भातखाचरावर दीड फूट पाण्यातही चालते. वरच्या वाडीच्या बचत गटाने भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेऊन 12 लाइफ जॅकेटं आणली आणि प्रत्येकाला शिट्टी शिवली. गुरुजींनी या वयात शिडीवर चढून साकवाच्या खांबावर पिवळी आणि लाल पट्टी रंगवली. इंचाच्या खुणा इतक्या नेटक्या आहेत की अंधारात बॅटरी मारली तरी वाचता येतात. या तिघांचं ऋण मंडळावर कायम आहे.

आता निकड. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरकडे उभी उतरते. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात 594.4 मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी आपल्यापर्यंत यायला दिवस लागत नाही, काही तास पुरतात. त्यात खाली बाणकोटच्या खाडीत भरती असली की ते ओसरतही नाही. 2 ऑगस्ट 2016 ला महाडचा 1928 सालचा पूल रात्री वाहून गेला, दोन एसट्या आणि एक मोटार नदीत गेली, काहींचे देह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले. त्या दिवशी अवस होती. 2021 ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. म्हणजे दोन्ही वेळा उधाणाचे दिवस. पंचांगात अवस-पुनव आणि घाटावर रात्रभर पाऊस, हे जुळलं तर खालच्या वाडीने भांडीकुंडी आवरत बसू नये, गुरं सोडावीत आणि देवळाचा माळ गाठावा. 2021 ला महामार्गच पाण्याखाली होता, बाहेरच्या पथकांना पोचायला वेळ लागला. पहिले सहा तास आपले आपल्यालाच काढायचे असतात.

आणि नेमकं आज इंजिन बंद आहे. चूक मंडळाची, झाकत नाही. सप्टेंबरात टाकीत पेट्रोल ठेवूनच ते गुंडाळलं. पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक भोकं बुजली. गढूळ पाण्याने पंपाचं रबरी चक्र आधीच झिजलं होतं, त्यामुळे गार पाणी वर चढत नाही आणि इंजिन तापून बंद पडतं. यापुढे होडी बाहेर आली की पिंपातल्या स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं चालवायचं, मग पेट्रोल काढून टाकायचं. पंख्याची पिन बांधाला आपटून तुटते म्हणून दोन जादा पिना इंजिनालाच तारेने बांधून ठेवायच्या.

दोरही बदलायचा आहे. आहे तो नायलॉनचा, तो बुडतो आणि पंख्यात अडकतो. पॉलिप्रॉपिलीनचा 12 मिलिमीटरचा दोर तरंगतो, त्याची 100 मीटरची दोन भेंडोळी हवीत. वाहत्या पाण्यावर तो काटकोनात आडवा बांधू नये, मधे पोट पडतं आणि धरलेला माणूस तिथेच अडकतो. पलीकडचं टोक प्रवाहाच्या खालच्या अंगाला तिरकं घ्यावं, मग पाणीच माणसाला काठाकडे ढकलतं. गाठ ओढताच सुटणारी हवी. आणि दोर कमरेला बांधून कुणीही पाण्यात उतरायचं नाही, पोहणाऱ्यांनीही नाही.

भोंगा हाताने फिरवायचा घेत आहोत, कारण वीज आणि मोबाइल आधी जातात. पाणी पिवळ्या पट्टीला लागलं की एक लांब, लालला लागलं की तीन.

खर्च : इंजिन दुरुस्ती 14,500, दोर-कप्पी-आकडे 4,200, जॅकेटं 8 (त्यातली 3 लहान मुलांची, मांडीतून पट्टा असलेली) 12,000, भोंगा 7,500, बॅटऱ्या व पेट्रोल 5,500, एकूण रु. 43,700. जमा 8,200, बाकी 35,500. खातं तेच, नंबर पावती पुस्तकाच्या मागच्या पानावर. पैसे पाठवल्यावर वाडीचं नाव कळवा, नाहीतर पावती कुणाची ते कळत नाही. मुदत 31 मे, 7 जूनच्या आसपास मृग लागतो. जुने कपडे कृपया नकोत, 2021 चे गठ्ठे अजून शाळेच्या माळ्यावर आहेत. द्यायचंच तर फावडी, गमबूट, फिनेल द्या, चिखल काढताना तेच कमी पडलं होतं.

होडीची चाचणी जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी 7 ला, देवळाखालच्या डोहावर. पोहता येणाऱ्या पोरांनी जॅकेट घालूनच यावं. दोर फेकायचा सराव आहे, हातमोजे आणावेत.

आपला,
चिटणीस, ग्रामस्थ मंडळ