मानसिकता नव्हे, अकरावी सायन्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला छोट्या गावातल्या सुखाचा लेख वाचला. सोमवारी परत वाचला, कारण पहिल्या खेपेला वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू गेलं. तुळशीवृंदावनाचा फोटो छान आहे. लेखकमहाशयांना पहाटे पक्षी ऐकू येतात, वाणी नावानं हाक मारतो, दूध समोर काढून मिळतं. सगळं खरं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावात मी ३६ वर्षं संसार केला आहे, मला हे कोणी पटवून द्यायला नको. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर येत्या शनिवारी आणखी चार गाड्या प्लॉट बघायला येतील.) पण शेवटी शेवटी ते लिहितात की लोक गाव सोडतात ते गरजेपोटी नव्हे, ती एक 'मानसिकता' आहे. तिथे मला राहवेना.

आमच्या घरात ही मानसिकता जून १९९६ मध्ये शिरली. मुलगा दहावीला शाळेत दुसरा आला, त्याला सायन्स हवं होतं आणि गावात होतं आर्ट्स-कॉमर्स. सोळाव्या वर्षी पोरगं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला गेलं. एका खोलीत चौघं. खोलीचं भाडं कसंबसं निघायचं, वर मेसचे पैसे कुठून आणणार? म्हणून मग एसटीचा डबा.

लेखकांना हा प्रकार बहुधा ठाऊक नसावा. चार पुडांचा स्टीलचा डबा, कडीत अडकवलेला चमचा, झाकणावर ऑइलपेंटनं नाव. चारला उठायचं आणि सव्वासहाच्या शिवाजीनगर गाडीला डबा द्यायचा. ड्रायव्हरशेजारी असे दहा-अकरा डबे ओळीनं लागायचे. मुलगा नऊच्या सुमारास सायकलवर स्टँडला येऊन डबा न्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीला रिकामा द्यायचा. कंडक्टर नेहमीचेच. कोणाचा डबा कोणता हे त्यांना झाकण न बघता कळायचं. दोन वर्षांत त्यांनी एक पैसा घेतला नाही. दिवाळीत चकल्या दिल्या तेवढ्या घेतल्या.

१९९७ च्या जुलैत खेडच्या घाटात ट्रक आडवा झाला, वरून पाऊस. गाडी शिवाजीनगरला पोचली दुपारी. मुलाचं प्रॅक्टिकल होतं, तो वाट बघून निघून गेला होता. रात्री डबा आला तो जड. उघडला तर वांग्याची भाजी आंबलेली, पोळ्यांना पाणी सुटलेलं. आमच्याकडे फोन नव्हता. एसटीडी बूथवर जाऊन अकराची वाट बघत बसले, तेव्हा अकरानंतर पाव दर लागायचा. अकरा वाजल्यावर आठवलं की पेठेतले घरमालक रात्री नऊनंतर फोन घेत नाहीत. तशी पाटीच होती जिन्यात. तशीच घरी आले. पोरगं आजारी आहे, की डबा नेणाऱ्यांत चुकामूक झाली, काही कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकाम्या डब्यात चिठ्ठी आली : 'काल भेळ खाल्ली. काळजी करू नको. वांग्यात दाणे जास्त घाल.'

ती रात्र मी मानसिकतेपायी जागून काढली, असं समजायचं का?

आता गावाच्या बाजूनंही सांगते. दुसऱ्या दिवशी बूथवाल्यापासून भाजीवालीपर्यंत प्रत्येकानं विचारलं, 'काय, जेवला का पोरगा?' पुण्यात हे कोणी विचारणार नाही. पण त्याच लोकांना बारावीचे पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे) मार्क आमच्या आधी कळले होते आणि 'थोडक्यात हुकलं म्हणे' असं म्हणत ते आमच्या ओट्यावर सांत्वनाला येऊन बसले होते. काही हुकलं नव्हतं, मुलगा इंजिनिअर झाला. ओळीतल्या बाकीच्या डब्यांची पोरंही झाली काही ना काही. गावात परतला एकच, वडिलांचं मेडिकल होतं म्हणून.

लेखात चांदण्यातल्या फेरफटक्याचंही वर्णन आहे. हौस असेल तर लेखकांनी जुन्नर, आंबेगावच्या उसाच्या कडेनं रात्री जरूर फिरावं. तिथे बिबट्याच्या धास्तीनं तिन्हीसांजेनंतर पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. आणि शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की त्याच अंधारात पाणी द्यायला जावं लागतं.

म्हणून पुणं म्हणजे स्वर्ग, असंही मी म्हणत नाही. मुलाबरोबर धायरीत राहते. हेही गावच होतं. उरलीसुरली धायरी २०१७ मध्ये महापालिकेत गेली, पलीकडचं नांदेड, किरकटवाडी २०२१ मध्ये. गाव गेलं, पण शहराचं पाणी काही मागून आलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात जीबीएसचे (हातापायांतली शक्ती जाणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले, पाण्यावर संशय आला, तेव्हापासून मी पाणी वीस मिनिटं उकळते. ज्यांच्या शेतात आमची सोसायटी उभी राहिली ते आजोबा इथेच राहतात आणि आमच्याबरोबर टँकरची वाट बघतात. त्यांना कोणती मानसिकता चिकटली, तेही लेखकांनी एकदा येऊन विचारावं. चहा करीन, उकळलेल्या पाण्याचा.

जाता जाता. त्याच पानावर खाली बंगलो प्लॉटची जाहिरात होती, 'पुण्यापासून फक्त ४५ मिनिटांवर'. शिवाजीनगरचा एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेला. धायरीतून तिथवर पोचायलाच मला सव्वा तास लागतो. पुढे चाकणच्या चौकातली कोंडी आहेच. ही ४५ मिनिटं कोणत्या घड्याळातली, हे जाहिरात घेताना विचारत चला.

आणखी एक. आपल्या अंकातलं ग्रामीण पान पुणे शहरात येत नाही, ही तक्रार मी पूर्वीही कळवली आहे. आमचे ते डबे नेणारे कंडक्टर गेल्या वर्षी गेले. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. बातमी तुमच्याच ग्रामीण पानावर आली होती म्हणे, फोटोसकट.

– एक नियमित वाचक, धायरी, पुणे ४१