झोपलंय कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या आरोग्य पुरवणीतला प्रतिकारशक्ती वाढवण्यावरचा लेख वाचला. मांडणी सुबक आहे, किवीचा फोटो तर फारच सुंदर. मात्र ‘विषाणू शिरल्यावर आठवडाभर शरीर झोपलेले असते, अँटिबॉडी तयार झाल्यावरच लढाई सुरू होते’ हे वाक्य रंगीत चौकटीत छापण्याआधी बारावी सायन्सच्या एखाद्या पोराला तरी दाखवायचं होतं.

मी साखर पेठेत मेडिकल चालवतो. काल दुपारी विडी कारखान्यात माल देऊन परतणाऱ्या एक अक्का तुमच्या चौकटीचं कात्रण घेऊन दुकानात आल्या. चार घड्या घातलेलं, तंबाखूचा वास मारणारं. “अण्णा, ह्यात लिवलंय ती पावडर द्या की. पोराला रात्रीपासून ताप हाय, अंग लई दुखायलंय. शरीर झोपलंय म्हणून छापलंय बघा.” पावडरीची जाहिरात लेखाच्या अगदी खालीच होती, हा योगायोगच म्हणायचा!

अहो, त्या पोराचं शरीर झोपलेलं असतं तर त्याला ताप आला असता का?

विषाणू पेशीत शिरला की काही तासांत पेशीला सुगावा लागतो. तो याआधी कधी येऊन गेलेला असावा लागत नाही. नको ती वस्तू नको त्या जागी आहे, एवढं कळलं तरी पेशीला पुरतं. लांबलचक दुपदरी आरएनए (डीएनएचा भाऊबंद रेणू) आपल्या पेशीत एरवी मोकळा फिरत नाही, विषाणू स्वतःच्या नकला काढू लागला की तो तयार होतो. रिग-आय आणि एमडीए-5 ही प्रथिनं असलाच परका आरएनए हेरतात. डीएनएची जागा केंद्रकात. तो बाहेर पेशीद्रवात सापडला की सी-गॅस नावाचं प्रथिन बोंब ठोकतं. मग पेशी इंटरफेरॉन नावाचं धोक्याचा इशारा देणारं प्रथिन बाहेर सोडते. गल्लीत एका घरात चोर शिरला की तो घरवाला ओरडतो आणि बाकीचे दाराला कड्या लावून काठ्या काढतात, तसलाच प्रकार. शेजारच्या धडधाकट पेशी शेकडो जनुकं चालू करतात, आरएनएचे तुकडे पाडणारी विकरं तयार ठेवतात, विषाणू आत आलाच तर प्रथिनं बनवणंच थांबवतात. लागण झालेली पेशी पुष्कळदा स्वतःहून मरते आणि विषाणूची पैदास तिथल्या तिथे खुंटते. अँटिबॉडीचा तोवर पत्ताही नसतो.

बरं, ही काही कालपरवाची बातमी नाही. 1957 साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्याचे तुकडे उष्णतेनं निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. त्यातून निघालेला द्राव ताज्या तुकड्यांवर घातला, तर तिथे जिवंत विषाणूची डाळ शिजेना. तेच हे इंटरफेरॉन. हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांसाठी त्याची इंजेक्शनं पूर्वी आमच्याही फ्रिजमध्ये असायची. सोबत पॅरासिटामॉल द्यावीच लागे, कारण सुई टोचल्यावर काही तासांत थंडी वाजून ताप यायचा, अंग मोडून निघायचं. आता त्या इंजेक्शनात विषाणू तर नसतो! तापात अंग दुखतं ते बरंचसं आपल्याच शरीराच्या बंदोबस्तामुळे.

माझा जीव जळतो तो दुसऱ्या कारणानं. दोन वर्षांमागे पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. मला न विचारता घराजवळच्या एका दवाखान्यात गेला. पहिल्याच दिवशी सलाईन, अँटिबायोटिक आणि वर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची सुई. रक्त तपासलेलं नाही. मी जाऊन विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “सुई नाही टोचली तर पेशंट दुसरीकडे जातो, तुम्ही धंद्यातले आहात, तुम्हाला काय सांगायचं.” निघाला डेंग्यू. अँटिबायोटिकनं विषाणूचा केसही वाकडा होत नाही हे एक वेळ सोडा. डेंग्यूचा संशय असताना डायक्लोफिनॅक, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन टाळायची असतात, रक्तस्रावाचा धोका वाढतो. चौथ्या दिवशी दात घासताना भावाच्या हिरड्यांतून आलेलं रक्त मी बेसिनमध्ये पाहिलं आहे. आणि तेव्हा आमची भावजय काय करत होती? पेपरात वाचून किवी शोधत नवी पेठेत फिरत होती. भाऊ वाचला तो वेळेवर दाखल केलं, पाण्याचं प्रमाण सांभाळलं आणि नर्सताई रात्रभर बीपी बघत राहिल्या म्हणून.

डेंग्यूचा विषाणू तर पक्का बेरकी. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं स्टॅट-2 हे प्रथिनच तो मोडीत काढतो. त्याच्यापुढे तुमच्या पावडरीनं काय करावं, हे लेखकांनी पुढच्या चौकटीत जरूर सांगावं.

अँटिबॉडी म्हणजे तारणहार, असा एक सूर लेखात आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोविडनं अत्यवस्थ झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 10 टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या होत्या. उलट ल्यूपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटणाऱ्या आजारात इंटरफेरॉनची यंत्रणा गरजेपेक्षा जास्त चाललेली असते. म्हणजे ‘वाढवा, वाढवा’ म्हणताना नेमकं काय वाढवायचं आणि कुठवर, हे कोण सांगणार? जाहिरात विभाग?

अक्कांना मी पावडर दिली नाही. पॅरासिटामॉल दिली, पाणी पाजत राहा म्हटलं आणि रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवलं. त्या नाराज होऊन गेल्या. पेपरात छापलेलं खरं आणि दुकानदाराचं खोटं, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

जाता जाता. या शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आलेलं आपण सगळ्यांनी भोगलं आहे. माणसं बॅरल, पिंप, हंडे, मिळेल त्यात पाणी भरून ठेवतात आणि डेंग्यूचा एडिस डास त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. उजनी धरणावरून येणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या बातम्या आपणच वर्षानुवर्षं छापल्या. एखाद्या रविवारी किवीच्या जागी झाकण नसलेल्या बॅरलचा फोटो टाका की. आणि पाणी सोडण्याचं वेळापत्रक पान 6 वर जाहिरातींच्या मधे कोंबता, ते पहिल्या पानावर आणा, मोठ्या टाइपात. आमच्या भागाची वेळ गेल्या आठवड्यातही चुकीची छापली होती. सगळी गल्ली पहाटेपासून घागरी मांडून बसली होती आणि पाणी आलं रात्री.

मागच्या खेपेस माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद कापला होता. या वेळी कापायचंच झालं तर बिनदिक्कत आयझॅक्स-लिंडेनमान कापा, पाण्याचं राहू द्या.

आपला,
एक औषध दुकानदार, साखर पेठ, सोलापूर