लवकर संपवल्याची शिक्षा

माझी नात दुसरीत आहे. वर्गातली वजाबाकीची दहा उदाहरणं तिची पाच मिनिटांत होतात, मग तशीच आणखी वीस मिळतात. परवा म्हणाली, ‘आजी, आता मी मुद्दाम हळू सोडवते.’ पोटात धस्स झालं. बाईंना बोल लावत नाही, पन्नास पोरं सांभाळायची म्हणजे खायचं काम नाही.

तिसरीचं पुस्तक आधीच उरकून टाकणं मला पटत नाही. घरी मी तिला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची गंमत दाखवली. ३५२४ घ्या. त्यातलेच आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडले की ५४३२, लहानाकडून मोठ्याकडे मांडले की २३४५. ५४३२ मधून २३४५ वजा, उत्तर ३०८७. पुन्हा तसंच केलं की ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कितीही करा, ६१७४च! वजाबाकीच ती, पण पोरगी तासभर जागची हलली नाही.

पुण्यात अशा हुशार मुलांसाठी १९६२पासून ज्ञान प्रबोधिनी ही संस्था आहे, पण तिथली प्रशाला पाचवीपासून. तोवर काय? प्रत्येक वर्गात कोड्यांच्या चिठ्ठ्यांचा एक डबा ठेवावा, उदाहरणं आधी झाली त्याने चिठ्ठी काढावी. चिठ्ठ्या लिहून द्यायला आम्ही आजी-आजोबा रिकामेच आहोत.

– एक आजी, कोथरूड, पुणे