ओटीपी लपवणे पुरेसे नाही

बँक कार्डांवरील फसवणुकीबाबतचा आपल्या अंकातील लेख वाचला. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा त्यातील सल्ला योग्यच. पण सारा भर त्यावरच असल्याने एक मोठी फट उघडी राहते. दुकानातील यंत्रात कार्डाची चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत तयार करते, म्हणून तिची नक्कल करणे अवघड असते. ऑनलाइन खरेदीत मात्र चिपचा उपयोग नाही. तेथे कार्ड क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही हा छोटा सुरक्षा क्रमांक विचारतात, आणि हे तिन्ही बहुतेक कार्डांवर छापलेलेच असतात! काही संकेतस्थळांवर तर ओटीपीशिवायही पैसे कापले जातात. जो ओटीपी आलाच नाही, तो लपवणार कसा?

अनेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन व परदेशी व्यवहार बंद ठेवण्याची, तसेच रकमेची मर्यादा घालण्याची सोय असते. खरेदीपुरते हे व्यवहार सुरू करावेत आणि लगेच बंद करावेत. लेखात याचा साधा उल्लेखही नाही. ग्राहकांना सावधगिरीचे संदेश पाठवणाऱ्या बँकांनीही नवे कार्ड देताना ही मर्यादा मुळातच कमी ठेवावी. ती वाढवायची की नाही, हे ग्राहक ठरवेल.

– एक वाचक